उंदरांना पाणी शिकवणारा माणूस

फोन आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना स्मरणशक्तीचा पाठ शिकवत होते. वर्गात मोबाइल बंद ठेवायचा नियम माझाच, आणि त्या दुपारी माझ्याच पर्समध्ये तो तीनदा थरथरला. तिसऱ्यांदा मुलं हसायला लागली म्हणून मी बाहेर जाऊन उचलला. पलीकडून एक बाई म्हणाली, "मी सुमन बोलतीया, धोंडीराम आबांची लेक. आबा गेलं, म्याडम." सकाळी मेंढरं घेऊन माळावर गेले होते, लिंबाच्या सावलीला टेकले ते उठलेच नाहीत. बराच वेळ मेंढरं एकाच जागी घोटाळत राहिली, तेव्हा लांबून जाणाऱ्या कुणाला तरी शंका आली. मी कधी, कसं, किती वाजता असं काहीबाही विचारलं आणि परत वर्गात गेले. पाठ पुरा केला म्हणे मी. मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही...

धोंडीराम मामांबद्दल लिहायला पाच आठवडे घेतले. एरवी मी भराभर लिहिणारी बाई आहे, पण हे लिहिताना दोन वेळा कागद फाडले. कारण मामांबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि ते अकरा वर्षं मी टाळत आले. सांगलीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते. त्याचं नाव इथं देत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात दोष कॉलेजचा नाही, माझा आहे.

मामा आमच्या अ‍ॅनिमल हाऊसचे परिचर होते. अ‍ॅनिमल हाऊस हे कागदावरचं नाव, सगळं कॉलेज त्याला उंदीरखाना म्हणायचं. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, दोन खोल्या आणि एक बोळ. तिथं प्रयोगासाठी पाळलेले पांढरे उंदीर असत, आणि त्यांचं खाणंपिणं, पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाळंतपणं, सगळं मामा बघायचे. मूळ गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नववीपर्यंत शाळा झाली, मग दुष्काळानं कळप निम्मा केला आणि हा माणूस ओळखीच्या एकाच्या मागं सांगलीला आला. उंच, वाळका, कायम अर्ध्या बाहीचा खाकी शर्ट. बोलणं कमी. पण पिंजऱ्यांपाशी गेला की तोंड अखंड चालू. आम्हाला सगळे उंदीर एकसारखे दिसायचे, शेपटीवर शाईच्या खुणा केल्याशिवाय कुणाला कोण ते कळायचं नाही. मामांना खुणा लागत नसत. एकदा माझ्या खुणा पुसल्या गेल्या आणि मी रडकुंडीला आले, तर त्यांनी एकेक उचलून माझ्या हातात दिला, हा तिसरा, हा सातवा, ही त्याची भण. मी विचारलं, कसं ओळखता? त्यावर त्यांना माझीच कीव आली. शंभर मेंढरांतलं आपलं कुठलं ते कळत नसेल तर माणसानं रानात जावं कशाला, असं ते म्हणाले. त्यांच्या लेखी मी रानात जायला नालायक ठरले होते, आणि ते त्यांनी पुढं कधी लपवलं नाही.

मी पीएचडीसाठी विषय घेतला तो मोबाइलच्या किरणांचा स्मरणशक्तीवर होणारा परिणाम. तेव्हा घराघरात हीच चर्चा. फोन उशाशी घेऊन झोपू नका, खिशात ठेवू नका, पोरं विसराळू होतील. माझ्या मार्गदर्शक सरांना विषय आवडला, कारण सामान्य माणसालाही तो कळतो आणि वर्तमानपत्रंही विचारतात. प्रयोग ऐकायला सोपा होता. उंदरांचे दोन गट करायचे. एका गटाच्या पिंजऱ्यात, जाळीखाली, चालू मोबाइल ठेवायचा आणि त्यावर रोज ठरलेले मिस कॉल द्यायचे. दुसऱ्या गटाच्या पिंजऱ्यातही तसाच मोबाइल, पण बंद. चार आठवड्यांनी दोन्ही गटांची आठवण तपासायची. आम्ही त्यांना चालूवाले आणि बंदवाले म्हणायचो. मिस कॉल द्यायचं काम मामांकडं होतं. समोर यादी, हातात फोन, आणि एकेका पिंजऱ्याला रिंग. गावाकडून कुणी आलं आणि सांगलीत काय काम करता म्हणून विचारलं, तर मामा तोंड सरळ ठेवून सांगायचे, "उंदरास्नी मिस काल देतो." पाहुणा हसायचा, मग मामा हसत नाहीत बघून गप्प व्हायचा. एकदा एका पिंजऱ्यातला फोन भलत्याच वेळी वाजायला लागला. मोबाइल कंपनीची मुलगी उंदराला गाण्याची रिंगटोन घेता का विचारत होती. मामांनी शांतपणे सांगितलं की मालक झोपल्यात, आणि मला येऊन म्हणाले, ह्यो काल यादीत धरायचा का न्हाई? विनोद नव्हता तो. जास्तीचा एक कॉल झाला होता, आणि तो लिहायला हवा हे त्यांना कळत होतं. मी मात्र हसण्यावारी नेलं, आणि त्यांनी पेन पुढं केल्यावर मुकाट्यानं लिहिलं.

आठवण तपासायची ती पाण्यात. एक मोठी गोल टाकी, आत दुधाची पावडर कालवून पांढरं केलेलं पाणी, आणि त्या पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा चौथरा. उंदराला पाण्यात सोडायचं. त्याला चौथरा दिसत नाही, तो पोहत शोधतो, सापडला की वर चढून बसतो. भिंतीवर रंगीत कागद चिकटवलेले असतात, त्यांच्या खुणेनं तो चार-पाच दिवसांत जागा लक्षात ठेवतो. ज्याची आठवण पक्की तो सरळ तिकडं जातो, ज्याची कच्ची तो कडेकडेनं फिरत राहतो. मी हातात स्टॉपवॉच घेऊन वेळ लिहायची. मामांना ही टाकी पहिल्यापासून खुपली. त्यांच्या गावात माणसाला प्यायला टँकर येतो, आणि इथं उंदरं पवायला एवढं पाणी, त्यात वर दूध. रोज काम संपल्यावर ते सगळं पाणी बादल्यांनी उपसून मागच्या शेवग्याला घालायचे. त्या वर्षी शेवग्याला अशा शेंगा लागल्या की सगळ्या स्टाफनं घरी नेल्या. पण त्यांना पाण्यापेक्षाही जास्त खुपलं होतं ते वेगळंच. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात एक उंदीर घाबरून गटांगळ्या खायला लागला होता, आणि तो पोरगा घड्याळ बघत वहीत लिहीत राहिला होता. मामांनी बाही भिजवत हात घालून त्याला वर काढलं. त्या दिवसापासून टाकीचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मला ती दिसायची, पण मी विचारलं नाही.

माझा निकाल आला तो डोळे दिपवणारा. बंदवाले पाण्यात सोडले की शांतपणे फिरून चौथऱ्यावर जायचे, तिसऱ्या दिवसापासून तर सरळच. चालूवाले कडेला चिकटून धडपडत राहायचे. इतका स्वच्छ फरक की आकडेमोड करायच्या आधीच डोळ्यांना दिसत होता. सर खूश झाले, पुण्याच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं, त्यांनी ओळखीच्या पत्रकाराला सांगूनही टाकलं. मी त्या रविवारी साताऱ्याला माहेरी गेले होते, येताना कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. सोमवारी सगळ्या विभागात वाटले आणि शेवटी खाली उंदीरखान्यात गेले. मामांच्या हातावर पेढा ठेवला. सांगितलं की फोनमुळं आठवण जाते हे आपण सिद्ध केलं, मामा, आणि त्यात निम्मी मेहनत तुमची. त्यांनी पेढा तोंडात घातला नाही. तसाच हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चालूवाल्यास्नी पाणीच म्हायती नव्हतं, म्याडम. बंदवाल्यास्नी म्या शिकवलं हुतं."

मला आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. मेंढरांची लोकर कातरायच्या आधी कळप ओढ्याला नेऊन धुतात. ज्या कोकरानं कधी पाणी बघितलेलं नाही ते त्या दिवशी बिथरतं, गर्दीत खाली जातं. म्हणून त्यांच्या घरात रीत होती, आधी चार-पाच दिवस कोकराला घेऊन पाण्यावर जायचं, पोटाखाली तळवा धरायचा, पहिल्या दिवशी नुसते पाय भिजू द्यायचे, मग छाती, मग तळवा हळूच काढून घ्यायचा. मामांनी तेच केलं होतं. टाकीत जायच्या आधीच्या आठवड्यात, रोज दुपारी, घमेल्यात कोमट पाणी घेऊन एकेका उंदराला पोटाखाली हात धरून पाणी दाखवलं होतं. बुडू नये म्हणून. मी विचारलं, मग सगळ्यांना का नाही? तेव्हा ते माझ्याकडं बघत राहिले. कारण पहिल्या दिवशी मीच बजावून सांगितलं होतं, चालूवाल्या पिंजऱ्यांना कारणाशिवाय हात लावायचा नाही, त्यांच्या किरणांत खंड पडता कामा नये. त्यांनी शब्द न शब्द पाळला होता. रोज दुपारी अर्ध्या उंदरांना पाणी शिकवायचं आणि उरलेल्या अर्ध्यांकडं नुसतं बघायचं, याचा त्यांना त्रासही झाला होता. पण मॅडमनी नको म्हटलंय.

म्हणजे चालूवाले विसराळू नव्हते. ते घाबरलेले होते. बंदवाल्यांची आठवण पक्की नव्हती, त्यांची भीती मोडलेली होती. तीन वर्षांचं काम एका घमेल्यात बुडालं. मामा गप्प बसले असते तर हे पृथ्वीच्या पाठीवर कुणाला कळलं नसतं. मला त्या क्षणी एवढंच कळलं, आणि मी त्या माणसावर ओरडले. मी त्यांना नेहमी अहो-जाहो करायची, ते वडलांच्या वयाचे नसले तरी थोरल्या भावाच्या वयाचे होते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तुला कुणी सांगितलं होतं हे शहाणपण?" बोळात दोन विद्यार्थी उभे होते, त्यांनी ऐकलं. मामांनी पेढा टेबलावर ठेवला, कागदावर, नीट.

पुढचे आठ दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. सरांना नाही, नवऱ्याला नाही. सर परिषदेसाठी तक्ते करून घेत होते आणि मी ते करून देत होते. मनात सारखे हिशोब मांडत होते, की एवढ्या तेवढ्या पाण्यानं काय होतंय, फोनचाही थोडा परिणाम असेलच की, आणि जगात इतके लोक हेच म्हणताहेत तर ते काय खोटं असणार. स्वतःला पटवण्यात मी बऱ्यापैकी हुशार आहे. खाली उंदीरखान्यात जायचं मात्र टाळत होते. नवव्या दिवशी काही कामानं जावंच लागलं. बघते तर मोकळे पिंजरे धुऊन उन्हात वाळत घातलेले, नव्या पिलांचे दोन गट वेगळे काढलेले, भुशाची नवी पोती रचलेली. मामा फडकं पिळत म्हणाले, "परत कवापासनं धरायचं? ही पिल्लं अजून आठ दिसांनी जोगी व्हतील." एवढंच. मी परत करणार आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नव्हता. चुकलं म्हणजे परत करायचं, त्यात विचार करण्यासारखं काय असतं? आठ दिवस मी ज्याच्याशी झगडत होते ते त्यांनी पिंजऱ्यांबरोबर धुऊन वाळत घातलं होतं. मला तिथं उभ्या उभ्या फार लाज वाटली. मी म्हटलं, सरांना अजून सांगितलं नाही. तर ते म्हणाले, लय चिडतील व्हय? मी येऊ का संगं?

मी एकटीच गेले. सर चिडले नाहीत, म्हणाले की परिषदेतून नाव काढून घेऊ. पुन्हा प्रयोग करायचा तर पुन्हा प्राणी हवेत, त्यासाठी परवानगी हवी, आणि परवानगीसाठी कारण द्यावं लागणार होतं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

दुसऱ्या खेपेचा प्रयोग हा खऱ्या अर्थानं मामांचा प्रयोग होता. या वेळी दोन्ही गटांना पाणी शिकवायचं ठरलं, आणि ते मीही शिकायचं. त्यांनी मला घमेल्यापाशी बसवलं. उंदीर धरायची माझी पद्धत पुस्तकातली, मानेमागं चिमूट धरून. त्यांनी माझा तळवा उलटा करून पाण्याखाली ठेवला आणि वर उंदीर सोडला. त्याचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं, विश्वास बसणार नाही इतकं जलद. मामा म्हणाले, त्येला तुमचा हात हाय एवढं कळलं की ते हळू हुतंय, थांबा. मी थांबले, आणि खरंच ते हळू झालं. शरीरशास्त्रात पदवी घेतलेल्या बाईला नाडी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सरांनी आणि मी दोघांनी सांगायला हवी होती. मिस कॉल आता तुम्हीच द्या, आणि चालू कुठला बंद कुठला ते मला कळू देऊ नका. मी म्हटलं, का हो मामा? तर म्हणाले, "कळलं की हात वळतोय. मी किती बी म्हनलं न्हाई, तरी वळतोय." आमच्या पुस्तकांत या गोष्टीला भारदस्त नाव आहे आणि त्यावर अख्खा धडा आहे. तो धडा मी वर्गात अनेकदा शिकवला होता आणि माझ्या स्वतःच्या प्रयोगात तो विसरले होते. माझी आठवण घालवायला मोबाइल लागला नाही.

त्यांनी पुढचे चार आठवडे पिंजऱ्यावरच्या फोनकडं बघायचंसुद्धा टाळलं. मी मागच्या खोलीतून रिंग द्यायची, तेवढा वेळ ते बोळात जाऊन पाठ करून उभे राहायचे. शिपाई चेष्टा करायचे, मामा, सासरा आलाय काय आत? ते हलत नसत. टाकीची वेळ घेतली तीही त्यांनीच, स्टॉपवॉच असं धरून की जणू ते चुकीच्या हातात पडलं तर फुटेल. शेवटी मेंदू तपासायचा म्हणजे उंदीर मारावे लागतात. त्या दिवशी बाकीचे परिचर रजा टाकतात. मामांनी कधी टाकली नाही. दुसऱ्याच्या हातात धडपडतील, म्हणायचे, आणि एकेकाला स्वतःच्या तळव्यावर घेऊन यायचे. आले की दार ओढून घेत आणि निघून जात. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायचं नसे, हा न लिहिलेला नियम होता.

निकाल आला तो मिळमिळीत. दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक नाही. आमच्या टाकीत, आमच्या उंदरांपुरतं तरी, ठामपणे काही म्हणता येत नाही, एवढंच मी प्रबंधात लिहिलं. पदवी मिळाली, दीड वर्ष उशिरा. पत्रकारानं पुन्हा विचारलं नाही. अजूनही पालकसभेत, लग्नात, एसटीत कुणाला माझा विषय कळला की प्रश्न ठरलेला, मग काय हो मॅडम, मोबाइलनं आठवण जाते का? मी म्हणते, माहीत नाही. लोकांचा चेहरा पडतो. एवढं शिकून माहीत नाही? मला मात्र माझ्या सगळ्या शिक्षणातलं हे एकच वाक्य पूर्ण खात्रीनं म्हणता येतं, आणि ते मला म्हणता यावं म्हणून एक माणूस पेढा हातात धरून खरं बोलला होता.

दोन वर्षांपूर्वी मामा निवृत्त झाले आणि गावी परतले. वीसेक मेंढरं घेतली. अधूनमधून फोन करायचे, स्वतःबद्दल काही नाही, शेवगा कसा हाय, नवी पिल्लं किती, हेच. निरोपसमारंभात मी भाषण केलं होतं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलले, त्यांच्या हातगुणाबद्दल बोलले, टाळ्या पडल्या. मुद्द्याचं सोडून सगळं बोलले.

तेराव्यानंतर मी मामांच्या गावी गेले. सुमननं घरात बसवलं, चहा केला, आणि वडलांच्या नोकरीचे कागद पुढं ठेवले. कॉलेजात काही अर्ज द्यायचा होता, त्यासाठी कुठले लागतील ते बघून द्या म्हणाली. पाहता पाहता मला एक जुनं ताकीदपत्र सापडलं. प्रयोगातील निष्काळजीपणाबद्दल समज देण्यात येत आहे, पुन्हा असे घडल्यास कारवाई होईल. तारीख त्या प्रयोगाच्या वर्षाची. हे पत्र त्यांना दिलं गेलं होतं हे मला ठाऊक नव्हतं, पण ते कुठून आलं हे मला पहिल्या ओळीतच कळलं. पुन्हा प्राणी मिळावेत म्हणून प्राचार्यांना जे पत्र द्यायचं होतं ते मी लिहिलं होतं. त्यात कारणाच्या जागी मी लिहिलं होतं, "परिचराच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग रद्द करावा लागत आहे." माझ्या सूचनेमुळे असं लिहायला माझा हात धजला नव्हता. प्रबंध व्हायचा होता, नोकरी कायम व्हायची होती, आणि परिचराच्या नावावर चूक टाकणं इतकं सोपं, इतकं रोजचं होतं की मला तेव्हा ते फारसं टोचलंही नाही. त्या पत्रावर अ‍ॅनिमल हाऊसतर्फे मामांची सही लागत होती. मी खाली जाऊन कागद पुढं केला. हितं काय लिवलंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, परवानगीचा अर्ज आहे. त्यांनी कागद जरा वेळ हातात धरला आणि मोठ्या अक्षरात सही केली. मी समजले, त्यांना कचेरीची भाषा वाचता येत नसावी. असं समजणं सोयीचं होतं.

मी सुमनला विचारलं, त्यांना हे पत्र आलं तेव्हा काही बोलले का? ती म्हणाली, "सही करतानाच वाचलं हुतं की त्यांनी. घरी येऊन आईला म्हनले, पिरयोग परत व्हायचा तर कुणाची तरी चूक लिवायलाच लागती. आई लय भांडली. तर म्हनले, आपण न्हाई काढायचं. ती बाई सवताच सांगंल कवातरी." हे ती सहज सांगत होती, मला बोचावं म्हणून नाही. ती बाई म्हणजे मी, हे तिला माहीत होतं की नव्हतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी म्हटलं, ती बाई मीच. ती म्हणाली, "व्हय. चहा घ्या, निवतोय."

परत आल्यावर मी कॉलेजला पत्र दिलं. अमुक वर्षी रद्द झालेला प्रयोग माझ्या चुकीच्या सूचनेमुळे रद्द झाला, परिचर धोंडीराम यांनी ती चूक स्वतःहून निदर्शनास आणली, त्यांना दिलेली समज मागे घ्यावी. कचेरीतल्या बाबूंनी वाचलं आणि म्हणाले, मॅडम, ते निवृत्त झाले, आता तर वारले, मागं कुणाकडून घ्यायची? मी म्हटलं, आवक शिक्का मारा आणि पहिलं पत्र ज्या फाइलीत आहे तिच्यात लावा. त्यांनी शिक्का मारला. पत्राची प्रत मी सुमनला पाठवली, आणि हे सगळं इथं लिहिलं, कारण पहिलं पत्र बंद फाइलीत होतं तरी मी त्यांच्यावर टाकलेली चूक चारचौघांत त्यांची म्हणून बोलली गेली होती.

मग मी खाली गेले. पिंजऱ्यांच्या खोलीत विद्यार्थी कामात होते, म्हणून बोळातच बसले. अरुंद जागा आहे ती, दोन माणसं बसली की गुडघे लागतात. तिथं मामा आणि मी रोज अकराला चहा प्यायचो. त्या पहिल्या पत्रानंतर, ते निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं. ते बशीत ओतून, मी कपानं. ते फारसं बोलायचे नाहीत, आणि मला वाटायचं त्यांना बोलायची सवय नाही... ते थांबत होते. आणि माझ्याकडं रोज दहा मिनिटं होती.